घरी न धाडलेली फळी

मी एक जुनी फळी आहे. हसू नका, मित्रांनो. फळी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर भिंतीला ठोकलेली, डब्यांचे ओझे वाहणारी फळी येते. ती माझी चुलत बहीण म्हणा. मी रुग्णालयातली सरकफळी आहे. ज्यांचे पाय हलत नाहीत त्यांना पलंगावरून चाकांच्या खुर्चीत आणि खुर्चीतून परत पलंगावर सरकत जाता यावे, यासाठी मला घडवले आहे. माझे एक टोक पलंगावर, दुसरे खुर्चीवर आणि मधल्या फटीवर मी. एवढेच माझे काम. पण दुसऱ्याने उचलल्याखेरीज ज्याला हलता येत नाही, त्याला विचारा ती फट केवढी असते.

माझा स्वभाव तसा शांत आहे. मी कोणाला टाकून बोलत नाही. सकाळी वॉर्डातल्या मावशी ओल्या फडक्याने मला पुसतात, तेव्हा मी देवाकडे रोज एकच मागते, की आज जो घरी जाईल तो आजारी होऊन पुन्हा इथे न येवो. हा माझा नेम आहे. पण हल्ली नेम संपता संपता एक उसासा निघतोच. देवाने माणसांना एवढी बुद्धी दिली, मग ती रुग्णालयाच्या फाटकापाशीच कशी संपते, असे मनात येते. कपाळाला हात लावावासा वाटतो, पण मला ना कपाळ ना हात.

आधी मी कोण होते ते सांगते. मी बाक होते. आपला नंबर येईपर्यंत लोक बाहेरच्या खोलीत ताटकळतात ना, तिथला लांबलचक बाक. माझा एक पाय मोडला आणि मला अडगळीत टाकले. तिथून रुग्णालयाच्या सुताराने मला उचलले. त्याने माझ्यातला धड तुकडा कापून घेतला, दोन्ही टोके पातळ केली, कडा गोल केल्या, धरायला एक खाच पाडली आणि पॉलिशपेपरने मला इतके घासले की माझ्यावर माशीचा पाय घसरावा. वर व्हार्निश दिले. मग तो आपला तळवा माझ्यावरून हळूहळू फिरवत बसला. एखादे कुसळ राहिले तर माझ्यावर बसणाऱ्याला ते टोचल्याचे कळणारसुद्धा नव्हते. ज्यांच्या पायांत जाणीव नाही त्यांच्यासाठी फळी करायची, तर जाणीव करणाऱ्याच्या हातात हवी. देव त्याचे भले करो.

मला वॉर्डात आणले ते व्यायामताईंनी. त्या व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टर, पण सगळे पेशंट त्यांना व्यायामताईच म्हणतात. त्या शिकवायच्या ते असे. आधी खुर्ची पलंगाला तिरकी लावायची. खुर्चीचे ब्रेक लावायचे. पलंगाकडचा खुर्चीचा हात काढून बाजूला ठेवायचा. मग एका कुशीवर कलायचे आणि मांडीखाली मला सरकवायचे. हाताच्या मुठी टेकायच्या, डोके एका बाजूला वाकवायचे आणि कंबर दुसऱ्या बाजूला ढकलायची. इंच इंच करत माणूस पलीकडे पोचतो. पहिल्या दिवशी घामाघूम होतो. काही जण रडतात. मग एके दिवशी कोणाची मदत न घेता तो खुर्चीत बसतो, स्वतःच्या हाताने चाके फिरवत खिडकीपाशी जातो आणि नुसता बाहेर बघत राहतो. तेवढ्यासाठी मी जगते, मित्रांनो.

त्या दिवसांत माझे फार कौतुक होई. बाहेरून कोणी मोठे पाहुणे आले की डॉक्टर मला दाखवत. मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्डाचा सगळा कारभार पाहणाऱ्या सिस्टर, कोणाला माझ्यावर चहाचा पेलादेखील ठेवू देत नसत. दाराशेजारच्या खुंटीवर मी लटकत असे, आणि ‘वॉर्डाची वस्तू वॉर्डात’ हे त्यांचे वाक्य दिवसातून निदान एकदा माझ्या कानावर पडे.

आता खरी गोष्ट ऐका. ती कंडक्टरबाईंची आहे.

या बाई बसमध्ये कंडक्टर होत्या. टपावरचे सामान नीट बांधले आहे की नाही ते बघायला त्या बसच्या शिडीवर चढल्या आणि पडल्या. पाठीचा कणा दुखावला. कमरेखालचे सगळे गेले. पण जीभ शाबूत होती. व्यायामताईंनी त्यांना पहिल्यांदा माझ्यावर बसवले तेव्हा त्या मध्येच अडकल्या, ना पलंगावर ना खुर्चीत, आणि म्हणाल्या, "जन्मभर लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणून ओरडले. त्यांचे शाप लागले बघा ताई." शेजारच्या पलंगावरची आजारी आजीसुद्धा हसली.

बाईंच्या घरी नवरा आणि सासू. नवरा घरे रंगवणारा रंगारी, अबोल आणि कायम नखांत रंग. सासूबाई मात्र लेकाच्या वाटणीचेही बोलत. आगाराने बाईंना निरोप धाडला होता की पासांच्या खिडकीत तुमच्यासाठी जागा राखतो. मात्र दिवसभर खुर्चीत बसता आले पाहिजे, उठण्याबसण्याला दुसरे माणूस लागता कामा नये. त्या खिडकीवर बाईंचा जीव अडकला होता. नवऱ्याने उचलून इथून तिथे ठेवलेले सामान होऊन त्यांना जगायचे नव्हते. त्यांनी माझ्यावर अशी मेहनत घेतली की माझे व्हार्निश मधोमध उडाले.

आणि एके दिवशी जमले. डॉक्टर राऊंडला आले असताना बाई पलंगावरून खुर्चीत सरकल्या, पाय हाताने उचलून पायफळीवर ठेवले आणि ‘हं’ म्हणाल्या. डॉक्टरांना खरोखर आनंद झाला. कागदावर लिहिले गेले की पेशंट स्वतः पलंगावरून खुर्चीत बसतात. त्यात खोटे काहीच नव्हते. दुसऱ्या सकाळी त्यांना घरी सोडायचे ठरले.

निघताना बाईंनी माझ्याकडे बोट करून विचारले की ही मिळेल का. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, वॉर्डाची वस्तू वॉर्डात. त्या दिवशी व्यायामताई रजेवर होत्या. बाई गप्प बसल्या नसत्या, पण तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "फळी कशाला हवी? घरी आम्ही आहोत की उचलायला." सगळ्यांना ते पटले. गाडी फाटकाशी उभी होती, नवऱ्याने बाईंना खुर्चीतून उचलून गाडीत बसवले, खुर्ची रिकामी होऊन वॉर्डात परत आली आणि मावशींनी मला पुसून खुंटीला लावले.

तुम्हीच सांगा मित्रांनो, याला काय म्हणावे? पोहायला शिकवायचे आणि मग माणसाला वाळवंटात सोडायचे? ज्या वस्तूवर शिकवले ती वस्तूच काढून घ्यायची आणि वर कागदावर लिहायचे की यांना येते. ही चूक बेफिकीर माणसांनी केली असती तर मी एवढी वैतागले नसते. चांगली, कष्टाळू, मायाळू माणसे ही चूक करतात. मी खुंटीवरून ती पुन्हा पुन्हा होताना पाहिली आहे.

बाई परत आल्या त्या ढकलगाडीवर, कुशीवर झोपून. माकडहाडाशी जखम झाली होती. साधी नाही, आत खोल गेलेली. अंगात ताप. मी खुंटीवर हादरले. माझा सकाळचा नेम त्या दिवशी मला तोंडावर मारल्यासारखा वाटला.

व्यायामताई धावत आल्या. मागच्या खेपेला आपण रजेवर होतो ही रुखरुख त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती, पण त्यांनी कोणाला दोष दिला नाही. नुसते विचारले की घरी काय काय झाले. सासूबाई पदराने डोळे टिपत सांगू लागल्या.

"आम्ही हयगय नाही केली हो ताई. तो काखेत धरायचा, मी पाय धरायची. फुलासारखी न्यायचो."

पलंगावरून आवाज आला, "पोत्यासारखी, आई."

"अगं, फुलासारखीच."

"फुलं ओढत नेतात का? चादरीवरून फरफट व्हायची माझी. मला काही जाणवत नाही म्हणून मी ओरडले नाही, एवढंच."

हळूहळू सगळे बाहेर आले. नवरा कामाला गेला की बाई पलंगावरच पडून असत, कारण एकट्या सासूबाईंना उचलणे झेपत नसे. तो संध्याकाळी यायचा, तोपर्यंत एकाच जागी पाठ. खुर्ची एका ओळखीच्याने दिलेली होती, छान चकचकीत, पण ती कोपऱ्यात उभी होती आणि तिच्यावर धुतलेले कपडे वाळत होते. आगाराच्या माणसाने एकदा चौकशी केली, तेव्हा नवऱ्याने सांगितले की अजून बसता येत नाही. इथे आम्ही टाळ्या वाजवून पाठवलेली बाई, आणि तिथे तिला बसता येत नाही.

मला वाटले, आता तरी सगळ्यांना कळेल की मला बरोबर द्यायला हवे होते. मी मनातल्या मनात ताठ झाले. पण व्यायामताईंनी विचारले की घरचा पलंग केवढा उंच आहे. सासूबाई म्हणाल्या, पलंगाखाली पेट्या ठेवायच्या म्हणून चारी पायांखाली विटा घातल्या आहेत. मग विचारले की खुर्चीचे हात निघतात का. नवऱ्याने मान हलवली, ते जोडलेलेच होते. माझा ताठा तिथेच उतरला. हात निघत नसतील तर मला ठेवणार कुठे? आणि विटांवरचा पलंग म्हणजे खुर्चीतून त्यावर चढण. चढणीवर मी काय करू? मी सोबत गेले असते, तरी कपडे वाळवायलाच उपयोगी पडले असते.

जखम भरायला फार वेळ गेला. बाई कुशीवर, कधी पालथ्या. रोज मलमपट्टी. एवढी बोलकी बाई, पण आगाराचा विषय निघाला की तोंड भिंतीकडे फिरवून घ्यायची. पासांची खिडकी किती दिवस रिकामी ठेवणार कोणी? एकदा नवरा म्हणाला की नको ती नोकरी, मी आहे ना. बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही आहात, ते मला ठाऊक आहे. मी कुठे आहे ते बघतेय."

जखम बरी होत आली तेव्हा व्यायामताईंनी एक वेगळेच केले. त्यांनी रंगाऱ्याला व्यायामाच्या खोलीत बोलावले, हातात खडू दिला आणि म्हणाल्या की फरशीवर तुमचे घर काढा, खरे आहे तेवढे, पलंग, दार, सगळे. मी तिथेच टेबलावर पडले होते, म्हणून मला सारे दिसले.

रंगारी खूश झाला. त्याने रेघ ओढायला सुरुवात केली. सुंदर, सरळ रेघा. खोली काढली, पलंग काढला, दार काढले. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"हे आपलं घर आहे का रे? की क्रिकेटचं मैदान?"

त्याने पाहिले. स्वतःच्या घराबद्दल माणूस उदार होतो तसा तोही झाला होता. पुसून पुन्हा काढले. सासूबाई म्हणाल्या, अजून आत घे. मग त्या स्वतः त्या खडूच्या खोलीत गेल्या आणि रोज जशा पलंग आणि कपाटाच्या मधून तिरक्या होऊन जातात, तशा तिरक्या होऊन चालल्या. "हं, एवढंच. इथे माझं पोट लागतं," म्हणाल्या. त्या पोटाच्या मापावरून खोलीची खरी रुंदी ठरली.

मग बाईंना खुर्चीत बसवून त्या रेघांमध्ये आणले. खुर्ची दारातून आत आली. पलंगाकडे वळायला गेली आणि एक चाक रेघेवर गेले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा रेघ पुसली गेली. पलंगाशी तिरके लागायला जागाच नव्हती. आड येत होते ते सासूबाईंचे कपाट.

ते कपाट साधे नव्हते. सासूबाई लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर आलेले, आणि तेव्हापासून तसूभर न हललेले. रंगाऱ्याने आयुष्यात घर कितीदा रंगवले असेल, पण दर वेळी कपाट सोडून. सासूबाई म्हणाल्या की पलंगच हलवा. पलंग हलवला तर दार उघडत नव्हते. म्हणाल्या, खुर्ची लहान आणा. मग म्हणाल्या की आमच्या वेळी माणसे अशी घरभर फिरत नसत. बाई खाली पुसलेल्या रेघेकडे बघत होत्या. एकदा त्यांनी चाकावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवून दिला. कंटाळून हात टाकल्यासारखा.

तो हात सासूबाईंनी पाहिला. त्या लेकाकडे वळून म्हणाल्या, "खोड ते कपाट. सून जागची हलायची असेल तर कपाटालाही हलावं लागेल."

रंगाऱ्याने पायानेच रेघ पुसली. खुर्ची वळली.

त्या दिवसापासून व्यायामताई कामाला लागल्या. सुताराला सांगून माझ्या मापाची नवी फळी करायला दिली. तिचा नमुना म्हणून मला पुन्हा त्याच्या कारखान्यात नेले आणि त्याने माझ्या कडा पेन्सिलीने लाकडावर उतरवल्या. रंगाऱ्याने आपल्या ओळखीच्या वेल्डरकडे खुर्ची दिली, तिचा एक हात निघणारा करायला. विटा काढायच्या होत्या, कपाट हलवायचे होते. बाई वॉर्डात माझ्यावर सराव करत होत्या, पण आता दुसरा सराव. पलंग घरच्याइतका खाली, वळायला घरच्याएवढीच जागा. पहिल्या दिवशी त्या पडता पडता वाचल्या. इथल्या प्रशस्त जागेत जे येत होते ते घरच्या जागेत येत नव्हते. पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले.

आणि मग राऊंडच्या वेळी डॉक्टर आले, जखम पाहिली, भरली होती. म्हणाले, छान, आज घरी.

मी टेबलावर असते तर खाली पडले असते. विटा तशाच होत्या. खुर्ची वेल्डरकडे. नवी फळी व्हार्निश होऊन वाळत पडलेली. व्यायामताई तसे सांगू लागल्या. डॉक्टर वाईट नव्हते, मित्रांनो. बाहेर व्हरांड्यात ढकलगाडीवर एक तरुण मुलगी वाट बघत होती, झाडावरून पडलेली, तिला पलंग हवा होता. त्यांनी तिकडे बोट दाखवले. म्हणाले की बाकीचे घरी गेल्यावर होईल हळूहळू.

कंडक्टरबाईंनी त्या मुलीकडे पाहिले. तिची आई तिच्या कपाळावरचा घाम पुसत होती. बाईंचा चेहरा ओढला गेला. मला वाटले, आता या हो म्हणणार. मोठ्या सिस्टर कागद काढायलाही निघाल्या.

"मागच्या वेळीही हळूहळूच ठरलं होतं, साहेब," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "हळूहळू जखम झाली. तो पलंग तिला द्या, आत्ता द्या. मला कुठेही ठेवा. पण घरी नाही. सगळी माणसं आत चढल्याशिवाय मी कधी डबल बेल दिलेली नाही, आणि माझी गाडी अजून भरायची आहे."

डॉक्टरांनी विचारले, "नक्की राहिलंय काय?"

मी इतकी वर्षे त्या खुंटीवर आहे. इतक्या माणसांना घरी जाताना पाहिले. हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. आणि उत्तर किती लहान होते. विटा, एक वेल्डर, एक कपाट आणि ओले व्हार्निश. यासाठी या बाईने आपल्या पाठीचे मांस गमावले होते. वैताग येणार नाही तर काय होईल?

डॉक्टर म्हणाले, उद्या. मोठ्या सिस्टर म्हणाल्या की व्यायामाच्या खोलीत पेशंट ठेवायची पद्धत नाही. एवढे म्हणून त्या आत गेल्या आणि स्वतःच स्वच्छ चादर घेऊन व्यायामाच्या खोलीतल्या बाकावर अंथरू लागल्या. बाईंना माझ्यावरून खुर्चीत आणि खुर्चीतून त्या बाकावर नेले. मुलीला पलंग मिळाला.

दुपारी व्यायामताई रंगाऱ्याबरोबर घर बघायला गेल्या. वॉर्डातले कोणी पेशंटच्या घरी गेल्याचे मला तरी आठवत नाही. दुसऱ्या सकाळी त्या हसतच आल्या. म्हणाल्या की विटा निघाल्या, खुर्ची आली, कपाट हलले. आता ते खिडकीसमोर उभे आहे, घरात अंधार झालाय आणि सासूबाई कालपासून कोणाशी बोलत नाहीत. बाई म्हणाल्या, "बोलत नाहीत? मग मला लवकर घरी सोडा. असा दिवस पुन्हा यायचा नाही."

निघताना त्या नव्या फळीवरून सरकल्या. नवी फळी करकरीत, व्हार्निशचा वास मारणारी. जरा कुरकुरली. मला थोडे वाईट वाटले, नाही म्हणत नाही. ज्या फळीवर आपले व्हार्निश उडेपर्यंत कोणी शिकते, त्या फळीला त्याच्याबरोबर जावेसे वाटणारच. पण नवी फळी बाईंच्या मांडीवर आडवी ठेवून त्यांची खुर्ची दारातून बाहेर पडली आणि मोठ्या सिस्टरांनी या खेपेला तिच्याबद्दल काही विचारले नाही.

त्यानंतर माझा नेम अवघड झाला. दाराचा आवाज आला की मी दचके. ढकलगाडीची चाके वाजली की वाटे, त्याच असतील, कुशीवर झोपून. आल्या नाहीत. दिवस गेले, त्यांच्या पलंगावरच्या मुलीचे ऑपरेशन होऊन ती खातपीत बोलू लागली, तरी त्या आल्या नाहीत. मित्रांनो, माझ्यासारख्या फळीला याहून चांगली बातमी नसते, आणि ती कोणी येऊन सांगत नाही. न येणारे माणूस हीच ती बातमी.

तरी एकदा व्यायामताई सकाळी येताच मोठ्या सिस्टरांना सांगू लागल्या. त्या आगारात पास काढायला गेल्या होत्या. खिडकीत कंडक्टरबाई. व्यायामताईंनी आनंदाने रांग मोडून पुढे डोके घातले, तर आतून मान वर न करताच हुकूम आला की रांगेत या. मग बाईंनी वर पाहिले, ओळखले, तोंडभर हसल्या आणि तरीही त्यांना रांगेतच उभे केले.

इथे थांबले तर गोष्ट गोड होईल. पण मी खोटे बोलणार नाही. वॉर्डात नियम काही बदललेला नाही. अजूनही सकाळी ‘आज घरी’ म्हणतात आणि दुपारी गाडी फाटकाशी असते. अजूनही व्यायामताईंना प्रत्येकासाठी नव्याने भांडावे लागते. सुताराकडे लाकूड नसते, लाकूड असते तेव्हा व्हार्निश नसते. मी खुंटीवरून चरफडत असते.

एक मात्र झाले आहे. झाडावरून पडलेल्या त्या मुलीचे वडील काल तिच्याजवळ बसले होते. ती अजून नीट बसूही शकत नाही. व्यायामताई त्यांच्याजवळ गेल्या आणि विचारले की घरी तिचा पलंग केवढा आहे. बाप घाबरला. पोरगी आत्ता कुठे बोलायला लागली, आणि तुम्ही पाठवायचं काय बोलता, असे म्हणाला. त्यांनी शांतपणे सांगितले की एवढ्यात पाठवायचे नाही, म्हणूनच आत्ता विचारतेय. तेव्हा त्याने उभे राहून गुडघ्यापाशी आडवा हात धरला. "एवढा असेल."

"असेल नको," व्यायामताई म्हणाल्या. "आज घरी जा आणि बघून या."

तर मित्रांनो, माझे म्हणणे एवढेच. तुमच्या घरातले, शेजारचे, कोणीही रुग्णालयात आले, आणि त्याचे पाय, डोळे, कान किंवा हात पूर्वीसारखे राहिलेले नसले, तर पहिल्याच दिवशी विचारा की हा घरी गेल्यावर कसा उठेल, कसा बसेल, कोणत्या दारातून जाईल. लोक म्हणतील, एवढी घाई कसली. म्हणू द्या. जे इथे शिकवले ते त्याच्याबरोबर घरी जाते आहे ना, ते बघा. त्याच्यासाठी कपाट हलवावे लागले तर हलवा. आणि विचारल्यावर कोणी ‘असेल’ म्हणाले, तर त्याला घरी पिटाळा, माप घेऊन यायला सांगा. ‘असेल’च्या भरवशावर कोणाची पाठ टेकवू नका.